सण सुरू होण्याआधी त्याचा शेवट ठरवा: विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ज्यू सणांची तयारी

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, ज्यू नववर्ष, आठवड्यावर आला की आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतून मला फोन यायला लागतात. ठाण्यातून, पनवेलहून, पुण्याहून, आणि आता इस्रायलमधल्या अश्दोद-दिमोनाहूनही. प्रश्न बहुतेक एकच असतो: "पोराला सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) नेऊ की घरीच ठेवू?" मी विचारते, तयारी काय केलीत? उत्तर येतं, "सगळं समजावलंय त्याला. शिंगाचा शोफार का फुंकतात, अब्राहाम-इसहाकची गोष्ट, सगळं."

चुकतं ते इथेच. स्वमग्न मुलाला, अतिचंचल मुलाला, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सण कशासाठी आहे हे कळण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: मी कुठे बसणार, किती वेळ बसणार, आणि हे संपलं हे मला कसं समजणार. गोष्ट नंतर सांगता येते.

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, मोजके शब्द बोलतो. खाली लिहिलेला क्रम आमच्या दहा वर्षांच्या वह्यांमधून आणि त्याच्या थेरपिस्टनी शिकवलेल्या गोष्टींमधून आलाय. क्रम बदलू नका. बहुतेक घरांत यातल्या चार गोष्टी होतातच, पण उलट्या क्रमाने.

टप्पा १. सहा आठवडे आधी: एक सण, एक पान

एक साधी वही घ्या. प्रत्येक सणाला एक पान. त्यावर "आपण काय काय करतो" हे लिहायचं नाही, "मुलावर काय काय येऊन आदळतं" ते लिहायचं. सहा रकाने करा: आवाज, वास, स्पर्श, खाणं, थांबून राहणं, मोडलेली दिनचर्या.

नव्याच्या सणाचं आमचं पहिलं पान असं होतं. आवाज: शोफार, शंभराच्या आसपास फुंका, आणि त्यातही कधी लांब, कधी तुटक, त्यामुळे पुढची कशी येणार याचा अंदाज नाही. वास: चिकाचा हलवा तासन्‌तास घोटला जातो, घरभर नारळाच्या दुधाचा आणि साखरेचा वास. स्पर्श: नवीन कडक सदरा, किप्पा या छोट्या गोल टोपीची शिवण, क्लिप. थांबणं: प्रार्थना सकाळपासून दुपारपर्यंत. दिनचर्या: शाळेची बस नाही, बाबा घरी, आणि तेही दोन दिवस.

एक गोष्ट मी पहिल्या वर्षी लिहायची विसरले होते. हातबोशी. प्रार्थना संपली की आपल्याकडे सगळे एकमेकांच्या हाताला हात लावून बोटं ओठांना लावतात. आपल्याला त्यात माया वाटते. पण ज्या मुलाला अनोळखी स्पर्श सहन होत नाही, त्याच्या दृष्टीनं तीस-चाळीस माणसं एकामागून एक त्याचा हात धरायला येत असतात. सहा वर्षांचा असताना माझा मुलगा शोफार कसाबसा सहन करून गेला आणि हातबोशीला बाकाखाली शिरला. स्वतःचं मनगट चावत होता. दाताचे वळ दोन दिवस होते. आम्ही मात्र घरी येऊन शोफारलाच दोष देत बसलो.

तपासून पाहा: पानावर किमान एक गोष्ट अशी आली आहे का, जी तुम्हाला स्वतःला आवडते? नसेल तर पान अपुरं आहे. आपल्याला जे गोड वाटतं तेच नजरेतून सुटतं.

टप्पा २. शेवट आधी ठरवा

प्रत्येक सणासाठी एकच गोष्ट निवडा. एकच. "या वर्षी तो पहिल्या फुंका ऐकेल." "या वर्षी ती सुक्कामध्ये, झावळ्यांच्या मांडवात, एक घास खाईल." बाकी जे झालं ते जास्तीचं.

मग त्या गोष्टीचा शेवट ठरवा आणि तो मुलाला दिसेल असा ठेवा. "थोड्या वेळाने जाऊ" हे वाक्य घरातून काढून टाका. थोडा वेळ म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नसतंच. त्याऐवजी: "तीन फुंका, मग अंगण." "एक गाणं, मग घर." मोजता येईल असं काहीतरी.

ठरलेला शेवट आला की निघायचं. मूल छान बसलंय, हसतंय, तरीही निघायचं. सगळ्यात जास्त हीच चूक होते, आणि मीही केली आहे: "बरा बसलाय, अजून दहा मिनिटं काढू." त्या दहा मिनिटांत आपण त्याला दिलेला शब्द मोडतो, आणि पुढच्या वर्षी तो उंबऱ्यावरच अडून बसतो.

बाहेर पडायची तयारीही आत्ताच करा. कोण नेणार, कुठल्या दारानं, बाहेर बसायचं कुठे, घरी जायला गाडी की पायी. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाला वाहन न वापरणारं घर असेल तर चालत घर गाठता येईल का ते पाहा. नसेल, तर जवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम, नाहीतर त्या वर्षी सण घरीच.

सावध: नेणारा माणूस ऐन वेळी ठरवू नका. "तू जा", "नाही, तू जा" ही कुजबुज मुलाला बरोबर कळते.

टप्पा ३. चार आठवडे आधी: मुकादम, शम्माश आणि रिकामं सिनेगॉग

सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्या मुकादमांना भेटा. फोन करू नका, भेटाच. आणि मोघम मदत मागू नका. "आमच्या मुलाला सांभाळून घ्या" म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि त्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही. नेमकं मागा:

दाराजवळच्या बाकावरच्या दोन जागा. आपल्या जुन्या सिनेगॉगमध्ये तेवा, म्हणजे प्रार्थना म्हणायचा चौथरा, मधोमध असते, आवाज तिथून येतो. म्हणून तेवापासून लांबची, भिंतीला पाठ लागेल अशी जागा उत्तम.

शोफारची साधारण वेळ. प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानांना ती बऱ्यापैकी सांगता येते.

एखादी खोली किंवा अंगणाचा कोपरा, जिथे कोणी पाठोपाठ येणार नाही.

आई वरच्या सज्जात आणि मुलगा खाली पुरुषांत, अशी व्यवस्था असेल तर त्याच्याजवळ कोण बसणार, हे इथेच पक्कं करा. बाबा तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, घेऊन प्रार्थनेत उभे असतात, त्यांच्याकडून एका डोळ्यानं मुलाकडे बघणं होत नाही. व्हीलचेअर असेल तर पायऱ्या किती आणि उचलायला दोन माणसं कोण, तेही विचारा. बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट नाही.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर आपल्या सिनेगॉगच्या दारावर पोलीस असतात, पिशव्या उघडून बघतात. मुलाची पिशवी अनोळखी हातानं उघडली की दिवस तिथेच संपू शकतो. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शम्माशांमार्फत बंदोबस्तावरच्या माणसांना आधी सांगून ठेवा आणि पिशवी तुम्ही स्वतः उघडून दाखवा.

मग साध्या वारी, रिकाम्या वेळी मुलाला तिथे न्या. पहिल्या खेपेला फक्त दारापर्यंत. दुसऱ्या खेपेला बाकावर पाच मिनिटं. तिसऱ्या खेपेला त्याच बाकावर बसून त्याचा आवडता खाऊ. आमच्या शम्माशकाकांनी एकदा शोफार कपाटातून काढून माझ्या मुलाच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला नाही, नाकाला लावला. शोफार मेंढ्याच्या शिंगाचा असतो, आणि श्वासानं गरम झाला की त्याला एक उग्र, प्राण्याचा वास येतो. आवाजाची तयारी आम्ही महिनाभर करत होतो, वास कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. त्यानं तो चार वेळा हुंगला, शिंगाच्या वळणावरून अंगठा फिरवला आणि काकांना परत दिला. त्या वर्षी तो फुंका ऐकायला उभा राहिला.

टप्पा ४. तीन आठवडे आधी: चित्रपट्टी

पुठ्ठ्याची एक पट्टी, त्यावर चार ते सहा चित्रं, डावीकडून उजवीकडे. शक्य तिथे खरे फोटो वापरा: तुमचंच दार, तुमचाच बाक, तुमचीच मेणबत्ती. नेटवरून काढलेल्या चित्रातलं सिनेगॉग मुलाला ओळखू येत नाही, आणि खरं दिसलं की ते चित्राशी जुळत नाही म्हणून तो अस्वस्थ होतो. शेवटचं चित्र नेहमी शेवटाचंच असू द्या: घर, गाडी, आपलं अंथरूण.

दोन चुका इथे सर्रास होतात.

एक, सण संध्याकाळी सुरू होतो हे पट्टीवर येत नाही. आपण मुलाला सांगतो "उद्या सण", आणि आज दिवेलागणीलाच घर बदलून जातं: पांढरी चादर, मेणबत्त्या, मोबाईल कपाटात. मुलाच्या हिशेबात आपण खोटं बोललेलो असतो. म्हणून पट्टी मावळत्या सूर्यापासून किंवा मेणबत्तीपासून सुरू करा आणि कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनाचा खालचा अर्धा भागही रंगवा.

दोन, झालेल्या गोष्टीवर पेनानं बरोबरची खूण करायची सवय. शब्बाथला आणि सणाला लिहिणं टाळणाऱ्या घरात ती खूण ऐन वेळी अडते. चित्रांना मागे वेल्क्रो लावा. झालं की चित्र काढून पाकिटात टाकायचं. ही सवय तीन आठवडे आधी लागू द्या.

मूल बोलण्यासाठी टॅबलेट वापरत असेल, तर सणाच्या दिवशी तो चालेल का, हा प्रश्न रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, आत्ता विचारा. "टॅब चालेल का" असं विचारू नका. "हा त्याचा आवाज आहे, हा नसेल तर त्याला पाणीसुद्धा मागता येत नाही" असं पूर्ण सांगून विचारा. प्रश्न अर्धा मांडला तर उत्तरही अर्धंच मिळतं. काहीही उत्तर आलं तरी कागदाचा एक तक्ता जोडीला तयार ठेवा: पाणी, शी-शू, दुखतंय, पुरे, घरी.

टप्पा ५. दोन आठवडे आधी: आवाज, कपडे, चेहरे यांचा सराव

शोफारचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, खेळताना, रोज एकदा. दर दोन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. मुलानं स्वतः बटण दाबलं तर फार उत्तम, कारण नकोसा आवाज आपल्या हातात असला की निम्मी भीती उतरते. कान झाकणारे हेडफोन द्यायचे असतील तर तेही आधीपासून घरात घालायला लावा. सणाच्या सकाळी पहिल्यांदा डोक्यावर आलेला हेडफोन हाच एक नवा त्रास होतो.

नवे कपडे दोन-तीनदा धुऊन मऊ करा, लेबलं कापा, घरी अर्धा तास घालू द्या. किप्पा सुती, मऊ, क्लिपशिवाय बसेल असा. नाहीच बसला तर टोपी. डोकं झाकलेलं असणं महत्त्वाचं, किप्पा वेलवेटचाच हवा असं कोणी सांगितलेलं नाही.

पुरीम या वेष बदलण्याच्या सणासाठी चेहऱ्यांचा सराव लागतो. ओळखीच्या माणसाचा चेहरा अचानक दिसेनासा होणं अनेक मुलांना सगळ्यात भयंकर वाटतं. मुखवटा आधी मुलाच्या हातात द्या, मग तुमच्या हातात, मग तुमच्या कपाळावर, आणि शेवटी क्षणभर तोंडावर. काढा, हसा, पुन्हा लावा.

तपासून पाहा: सराव करताना मूल स्वतःहून जवळ येतं की लांब सरकतं? सरकत असेल तर दोन दिवसांपूर्वीच्या पायरीवर परत या. मुलाला पुढे रेटू नका.

टप्पा ६. जेवण आणि औषधं

हा टप्पा शांतपणे वाचा. इथली चूक नुसती रडारड होऊन संपत नाही.

औषधं. फिटची, एकाग्रतेची, झोपेची, कोणतीही रोजची गोळी सणासाठी चुकवायची नाही, पुढे ढकलायची नाही, आणि "आज उपास आहे" म्हणून रिकाम्या पोटी द्यायचीही नाही. पेसाखमध्ये, म्हणजे आंबवलेलं धान्य वर्ज्य असलेल्या सणात, एखाद्या सिरपबद्दल शंका आली तर रब्बींना महिनाभर आधी विचारा. उत्तर येईपर्यंत औषध चालूच राहील.

योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास, आपल्या दारफळणीच्या सणाचा, सुमारे पंचवीस तासांचा असतो. मुलींना बाराव्या आणि मुलांना तेराव्या वर्षाआधी तो बंधनकारकच नाही. त्यानंतरही मुलाला आजार असेल, औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर, मग डॉक्टरांचं म्हणणं घेऊन रब्बी. जिवाला धोका असेल तिथे नियम बाजूला ठेवायचा, हाच नियम आहे. याला पिकुआख नेफेश म्हणतात आणि यावर आपल्यात मतभेद नाहीत.

आता एक गोष्ट आईवडिलांसाठी. तुम्ही स्वतः उपाशी, तहानलेले, डोकं दुखत असताना दुपारी तीन वाजता मुलाचा तोल गेला तर सांभाळणार कोण? योम किप्पूरला मुलाजवळ एक तरी न थकलेला माणूस हवा. शेजारी, शाळेतली ताई, उपास न धरणारे आजोबा, कोणीही. पाळ्या लावा आणि त्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

पेसाख. खाण्याच्या बाबतीत काटेकोर असलेल्या मुलांना हे आठ दिवस, इस्रायलमध्ये सात, सगळ्यात कठीण जातात. पोळी नाही, बिस्किट नाही, पाव नाही. आपल्या बेने इस्रायल घरांचं भाग्य हे की तांदूळ चालतो, त्यामुळे भात आणि तांदळाची भाकरी मुलाच्या ताटात राहू शकते. पण मुलाचं आजोळ किंवा तुमचं सासर अश्कनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यूंचं, असेल, तर तिथे तांदूळही नसतो. हा प्रश्न सेदेरच्या, म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या जेवणविधीच्या, टेबलावर सोडवू नका. महिनाभर आधी त्या घरच्या बाईंशी बोला.

जे पदार्थ जाणार आहेत ते एका दिवसात गायब करू नका. तीन आठवडे आधीपासून रोजच्या ताटात पेसाखला चालणारा एक पदार्थ हमखास ठेवत जा, म्हणजे सणात निदान तो तरी जुना असेल. मात्झाचा, म्हणजे पेसाखच्या बेखमीर कडक रोटीचा, सराव करायचा असेल तर तो पुरीमच्या आधीच उरका, कारण पेसाखच्या आदल्या दिवशी मात्झा खात नाहीत आणि काही घरांत ती महिनाभर आधीपासूनच बंद असते. मात्झा तोंडात मोडताना कवटीत मोठा आवाज होतो. आवाजाचा त्रास असलेल्या मुलाला तो तुकडा सरबतात किंवा सूपमध्ये भिजवून द्या.

आणि ताट. पेसाखला भांडी बदलतात. मुलाचं रोजचं स्टीलचं ताट कपाटात जातं आणि मूल दुसऱ्या ताटाला हात लावत नाही. उपाय सोपा आहे: एकसारखी दोन ताटं आणि दोन पेले एकाच दिवशी विकत घ्या. एक संच रोज वापरा, दुसरा कोरा, पेसाखच्या पेटीत. आम्ही हे करायला चार वर्षं लावली. त्या चार वर्षांतले पेसाखचे आठ-आठ दिवस तो माझ्या हातून, केळीच्या पानावर जेवला.

सावध: पेसाखच्या साफसफाईचा फिनेलचा वास आणि हलवलेलं कपाट यांनीच मूल सणाआधी थकून जातं. त्याची खोली सगळ्यात शेवटी, आणि तो शाळेत असताना साफ करा.

टप्पा ७. प्रत्यक्ष दिवस, सणानुसार

सणाच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. फक्त पट्टी, पिशवी आणि ठरलेला शेवट. पिशवीत: हेडफोन, आवडतं एक खेळणं, कोरडा खाऊ, पाणी, जादा चड्डी, तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी मुलाच्या खिशात शिवलेली. सणाच्या दिवशी वस्तू बाहेर नेण्याचा नियम पाळणारं घर असेल, तर पिशवी आदल्या दिवशीच सिनेगॉगमध्ये नेऊन ठेवा.

रोश हशाना. पोचायचं ते शोफारच्या थोडं आधी, सकाळी सातला नाही. फुंका झाल्या की हातबोशीआधी अंगण. शब्बाथला सण आला तर त्या दिवशी शोफार वाजत नाही. मुलाला "आज शोफार" असं सांगून ठेवलं असेल तर गोंधळ होतो, म्हणून आधी कॅलेंडर पाहा.

योम किप्पूर. दिवसभर बसवू नका. शेवटची प्रार्थना, नेइला, संपताना बहुतेक ठिकाणी शोफारची एकच लांब फुंक असते. त्याआधी पंधरा मिनिटं न्या. इस्रायलमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्या दिवशी रस्ते मोकळे होतात आणि मुलांच्या सायकलींनी भरतात. गाड्या नसतात म्हणून आपण निर्धास्त होतो. माझ्या नणंदेची मुलगी पळून जाणारी आहे, आणि गर्दीत तिच्यामागे धावणं त्या दिवशीच सगळ्यात अवघड गेलं. कपड्यावर नंबर, दोन मोठी माणसं, आणि मूल हरवलं तर फोन आणि गाडी बेधडक वापरायची.

सुक्कोत. आपल्याकडे सुक्कावर नारळाच्या झावळ्या असतात. त्यातून मुंग्या पडतात, पाऊस गळतो. सुक्कामध्ये ज्याला खरोखर त्रास होतो त्याला तिथे बसण्यातून सूट आहे, त्यामुळे एक घास झाला की मुलाला घरात नेताना मनाला लावून घेऊ नका. एत्रोगचा, म्हणजे विधीत हाती धरायच्या महाळुंगाच्या जातीच्या फळाचा, सराव साध्या महाळुंगावर करा. खऱ्या एत्रोगच्या टोकाचा देठ मुलाच्या हातून मोडला तर घरात उगाच वाद होतात. लुलावच्या, म्हणजे खजुराच्या मिटलेल्या झावळीच्या, पात्याची कड बोटाला कापते, ती मुलाच्या हाती नुसती देऊ नका, तुमचा हात बरोबर ठेवा.

सिम्हात तोरा. धर्मग्रंथाच्या, तोराच्या, गुंडाळ्या घेऊन सात फेऱ्या, प्रत्येक फेरीला नाच आणि आवाज चढत जातो. पहिल्या फेरीला हजर राहा, दुसरीला निघा. पहिली सगळ्यात शांत असते.

हनुक्का. दिव्यांचा सण. शम्माश, म्हणजे रोजची जास्तीची वात, धरून आठ दिवसांत 44 दिवे लागतात. आगीकडे ओढलं जाणारं मूल असेल तर दिवे काचेत, खोबरेल तेलात, उंचावर. मुलाचं काम: रोज एक काडी वेगळ्या वाटीत टाकून मोजणं. लावण्याचं काम मोठ्यांचं.

पुरीम. मगिल्लाहमध्ये, म्हणजे त्या दिवशी वाचतात त्या एस्तेरच्या पुस्तकात, खलनायक हामानचं नाव 54 वेळा येतं आणि दर वेळी खुळखुळे वाजतात, पाय आपटले जातात. पण ते नाव पहिल्यांदा येतं तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला. पहिले दोन अध्याय शांत असतात. मुलाला तेवढं ऐकवा आणि बाहेर न्या. ज्यांच्या मुलांना आवाज करायला आवडतं, त्यांनी उलट करा: मुलाच्या हातात खुळखुळा आणि तुमच्या हातात लाल कार्ड. नाव आलं की कार्ड वर, नाव गेलं की खाली.

पेसाखचा सेदेर. यावर जरा जास्त लिहिते, कारण या मुलांना खरं तर हाच सण सगळ्यात जवळचा होऊ शकतो. सेदेर या शब्दाचा अर्थच क्रम. पंधरा पायऱ्या, दर वर्षी त्याच, त्याच चालीवर त्यांची नावं म्हणायची. आपल्या मुलांना दुसरं काय हवं असतं! तरीही सेदेर बिघडतो, कारण जेवण अकराव्या पायरीवर आहे. आपल्याला हगादा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या गोष्टीचं वाचन, रंगात आलेली असते आणि मूल भुकेनं टेबलखाली.

म्हणून आधी मुलाला पोटभर जेवू घाला. मग पंधरांपैकी सहा पायऱ्या त्याच्या पट्टीवर घ्या. आमच्या सहा: मनुकांच्या सरबतावरचा आशीर्वाद (किद्दुश), हात धुणं, हिरवी पानं बुडवणं, मात्झा मोडणं, जेवण, अफिकोमान (शेवटी खायचा मात्झाचा तुकडा). प्रत्येक पायरीला त्याच्या हातात काहीतरी काम असतं. अफिकोमान शोधायला लावू नका, लपवायला लावा. जिथे लपवला तिथे तोच जाणार, कोणी शर्यत लावत नाही. खजुराचा शिरा त्याला चमच्यानं पानावर पसरायला द्या. मा निश्तना, म्हणजे सेदेरला मुलं म्हणतात ते प्रश्न, म्हणता येत नसतील तर रेकॉर्ड करून आदल्या दिवशी ऐकवा, आणि सेदेरला तो फक्त पुन्हा पुन्हा येणारे शब्द म्हणेल. माझा मुलगा "लायला हझे" एवढंच म्हणतो, पण वेळ चुकत नाही.

भारतात आपण दोन रात्री सेदेर करतो. पाहुण्यांनी भरलेला एक आणि घरच्यांचा एक असेल, तर मुलाचा सेदेर घरच्यांचा. पाहुण्यांच्या रात्री त्याचा सेदेर पहिल्या पायरीवरच संपला तरी चालेल.

पाहुण्यांना दोन दिवस आधी एवढा निरोप पाठवा: "आमचा मुलगा मध्येच उठून आत जाईल, त्याला हाक मारू नका. त्याला मिठी किंवा पापा नको, हात हलवून शालोम म्हणा. तो वेगळं जेवेल, त्यावर काही बोलू नका." कोणाला राग येत नाही. आला तर तो सेदेरआधी आलेला बरा.

मलिदा. नवसाचा मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, घरी असेल तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेताना गर्दी आणि अगरबत्ती दोन्ही असतात. पोहे, गूळ, खोबरं कालवायचं काम मुलाला दोन तास आधी, रिकाम्या घरात द्या. लोक येतील तेव्हा त्याचा वाटा आत.

भावंडांना विसरू नका. आई-बाबांपैकी एकानं मुलाला घेऊन निघायचं, दुसऱ्यानं भावंडाबरोबर शेवटपर्यंत थांबायचं. माझी मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत तिनं सगळ्या फुंका एकदाही ऐकल्या नव्हत्या. तिनं सांगितलं तेव्हा कळलं.

टप्पा ८. तोल गेलाच तर

हा हट्ट नाही. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं. तोल गेलेल्या मुलाला तुम्ही दिसतही नाही.

क्रम असा: एकच माणूस जवळ, बाकीचे लांब. बोलणं जवळजवळ बंद, दोन शब्द पुरे: "आपण बाहेर." चेहरा धरून "बघ माझ्याकडे" म्हणू नका. डोकं आपटत असेल तर मध्ये तुमचा तळहात किंवा दुमडलेला तल्लीत. दार उघडं, वाट मोकळी. शांत झाल्यावर पाणी, मग दहा मिनिटं काहीच नाही. परत आत नेऊ नका, तो दिवस झाला.

"लाडावून ठेवलंय" असं कोणी म्हणालंच तर एक वाक्य पाठ ठेवा: "त्याला आवाज जास्त झालाय, आम्ही बाहेर बसतो." एवढंच. तिथे समजावत बसलात तर मुलाकडे पाठ होते.

सावध: फिट येत असेल, रक्त येत असेल, रस्त्याकडे पळत असेल तर फोन, गाडी, दवाखाना. विचारायला थांबू नका.

टप्पा ९. शिळा सण

योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला आपली जुनी माणसं शिळा सण म्हणत. आमच्या घरी प्रत्येक मोठ्या सणानंतर मुलाचा एक शिळा सण असतो. त्या दिवशी पाहुणे नाहीत, थेरपी नाही, शक्य असेल तर शाळाही नाही. जुने मऊ कपडे, तोच नाश्ता, तीच चादर. इस्रायलमध्ये तिश्रीत, म्हणजे या सणांच्या महिन्यात, शाळेला लांब सुट्टी असते, तिथे उलट करा: दुसऱ्या दिवशीपासून शाळेच्या वेळेला उठणं, डबा भरणं, बाहेर एक फेरी, म्हणजे शाळा उघडेल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही.

संध्याकाळी वही काढा आणि त्या सणाच्या पानावर तीन ओळी लिहा: ठरवलेली एक गोष्ट झाली का, पहिली अस्वस्थता किती वाजता दिसली आणि त्याआधी काय घडलं होतं, पुढच्या वर्षी काय काढून टाकायचं. ही तिसरी ओळ आजच लिहा. आठवड्यानं आठवत नाही. मग चित्रं पाकिटात, पाकीट वहीत, आणि वही पेसाखच्या पेटीत, त्या कोऱ्या ताटाच्या खाली.